२५ सेकंदांचा व्हिलेजर

'एज ऑफ एम्पायर्स २' या संगणकावरच्या युद्धखेळात एक व्हिलेजर, म्हणजे अन्न-लाकूड गोळा करणारा गावकरी, तयार व्हायला ५० अन्न लागतं आणि २५ सेकंद. खेळ आला १९९९ साली. तेव्हा तेरा संस्कृती होत्या, आता चाळिसाच्या वर गेल्यात. २०१९ साली डेफिनिटिव्ह एडिशन ही नवी आवृत्ती आली, २०२२ साली द्रविड, बंगाली आणि गुर्जर मैदानात उतरले. पण ते ५० अन्न आणि ते २५ सेकंद जागचे हलले नाहीत. रिअल-टाइम स्ट्रॅटेजीत, म्हणजे पाळी न घेता सगळे एकाच वेळी खेळतात अशा खेळांत, वेग मोठा की डावपेच, हा वाद जिथे दोन खेळणारे भेटतील तिथे निघतो, आणि माझ्या मते त्याचा निम्मा निकाल या २५ सेकंदांतच लागलेला असतो.

एक बारकी गोष्ट आधी. खेळातलं घड्याळ आपल्या घड्याळापेक्षा १.७ पट पळतं. म्हणजे खेळातले २५ सेकंद हे भिंतीवरच्या घड्याळाचे जेमतेम पंधरा. दर पंधरा सेकंदांनी टाउन सेंटरला, म्हणजे व्हिलेजर जिथे तयार होतात त्या मुख्य इमारतीला, 'पुढचा' असं सांगायचं, बस्स. याला कसली बोटांची चपळाई लागते? तरीही नवख्याच्या डावात पहिल्या दहा मिनिटांत टाउन सेंटर दोन-दोन मिनिटं रिकामं बसलेलं आढळतं. दोन मिनिटं म्हणजे जवळजवळ पाच व्हिलेजर. लाकूडतोड्या चालण्याचा वेळ धरून मिनिटाला साधारण वीस लाकूड आणतो असं मानलं, तर पाच जणांचं दहा मिनिटांत हजार लाकूड होतं. समोरच्याकडे 'कुठून एवढे तिरंदाज आले' म्हणून आपण चरफडतो, ते इथून आलेले असतात.

यावर नवखा एक शहाणपणा करतो. एकदम पाच व्हिलेजर रांगेत लावून मोकळा होतो. अडचण अशी की रांगेत लावल्याक्षणी पाचांचे २५० अन्न कापले जातात. फ्यूडल एजमध्ये, म्हणजे खेळातल्या दुसऱ्या युगात, जायला ५०० अन्न हवं असतं आणि त्यातलं निम्मं आपण रांगेत कोंडून ठेवलेलं. म्हणजे हाताच्या आळसाची भरपाई खजिन्यातून केली. रांगेत एक किंवा फार तर दोन ठेवायचे आणि पुन्हा पुन्हा येऊन बघायचं, याला पर्याय नाही. आता हे वेगात धरायचं की नियोजनात, हे ज्याचं त्याने ठरवावं.

सुरुवातीचा डाव कागदावर सोपा आहे. हाताशी तीन व्हिलेजर, एक स्काउट (टेहळ्या), २०० अन्न, २०० लाकूड, १०० सोनं आणि २०० दगड. 'एच' दाबून टाउन सेंटर निवडायचं, 'क्यू' चार वेळा दाबायचं. २०० अन्न संपलं. (रांग लावू नये म्हणतो आणि पहिल्या सेकंदाला रांगच लावायला सांगतो, पण इथे त्या अन्नाला दुसरं गिऱ्हाईकच नसतं.) टाउन सेंटर पाच जणांची सोय करतं आणि आपण आधीच चार आहोत, म्हणून तिन्ही व्हिलेजर ताबडतोब घरांना: दोघं मिळून एक, तिसरा दुसरं. घर २५ लाकडांचं. मग सहा जण मेंढ्यांवर, पुढचे तीन-चार लाकडावर, त्यानंतर एक जण डुकराला आणायला.

मेंढ्यांची गंमत अशी की त्या एका वेळी एकच मारायची असते. कापलेलं मांस सडत जातं, दोन मारल्या तर दुसरीचं अन्न खाण्याआधीच कमी होतं. आणि मारायची ती अगदी टाउन सेंटरच्या भिंतीला लावून, नाहीतर सहा माणसं चार-चार पावलं उगाच चालतात. रानडुक्कर त्याहून नाजूक प्रकरण. त्यात ३४० अन्न असतं, मेंढीच्या तिपटीहून जास्त. एका व्हिलेजरने त्याला बाण मारायचा आणि टाउन सेंटरकडे पळत सुटायचं; डुक्कर मागे लागतं, दारात आलं की मेंढीवरचे सगळे त्याच्यावर. व्हिलेजरची जीवनशक्ती २५. लूम ही सुधारणा घेतली तर ४०. पळवायला उशीर झाला की माणूस गेला, आणि डुक्कर रागावून परत आपल्या जागी. इथे खरोखर हात चालावा लागतो, पण तो एक क्षण. बाकीचं सगळं वेळापत्रक आहे. २१ लोकसंख्येवर फ्यूडलला जाणारा खेळाडू हिशेब चुकला नाही तर ९ मिनिटं ४० सेकंदांच्या आसपास तिथे पोचतो: सतरा नवे व्हिलेजर, एक लूम आणि वर १३० सेकंदांचं संशोधन. जगातला सर्वांत चपळ हातही हे गणित फारसं खाली आणू शकत नाही. वेगाला इथे छप्पर आहे, आणि ते छप्पर हळू हाताच्या माणसालाही गाठता येतं.

म्हणून 'वेग' म्हटल्यावर मला लगेच विचारावंसं वाटतं, कुठला? मिनिटाला किती क्लिक, म्हणजे एपीएम, हा सगळ्यांत दिखाऊ वेग. त्यातला कितीतरी भाग नुसता खडखडाट असतो; त्याच मेंढीवर सहा वेळा क्लिक केलं म्हणून मांस लवकर निघत नाही. दुसरा वेग लक्षाचा. तीन शेगड्यांवर दूध, फोडणी आणि पोळी एकदम सांभाळणाऱ्याचे हात काही विजेसारखे चालत नसतात. कुठल्या भांड्याकडे किती वेळ पाठ फिरवता येईल, हे त्याला ठाऊक असतं. माझ्या मते डावपेच म्हणजे बऱ्याच अंशी हेच: आत्ता कशाकडे बघायचं नाही, ते ठरवणं.

तरी निव्वळ बोटांनी जिंकायचे प्रसंग असतात, ते नाकारण्यात अर्थ नाही. समोरून मँगोनेल येतं. १६० लाकूड, १३५ सोन्याचं एक धोंडे फेकणारं यंत्र, आणि आपले वीस क्रॉसबोवाले एका घोळक्यात. धोंडा सुटल्यावर तो ज्या जागेवर सोडला तिथेच पडतो, माणसांचा पाठलाग करत नाही. तेव्हा तो हवेत असताना घोळका दोन भागांत फाडून बाजूला नेला तर नुकसान शून्य. डोळा मिनिमॅपवर होता तर वीसच्या वीस जमीनदोस्त. कुठलंही नियोजन त्या अर्ध्या सेकंदात कामी येत नाही. उलट मँगोनेल चालवणाऱ्यालाही धास्ती असतेच, कारण तो धोंडा आपल्याच माणसांनाही चिरडतो.

पण त्याच खेळात भालेवाला आहे. ३५ अन्न, २५ लाकूड, सोनं अजिबात नाही. समोर घोडेस्वार नाइट: ६० अन्न आणि ७५ सोनं. एकास एक झुंजीत नाइट जिंकतो. मात्र एका नाइटच्या खर्चात दोन भालेवाले येतात आणि वर सुटे उरतात, आणि घोडेस्वारांवर त्यांचा वार चांगलाच वाढलेला असतो. नकाशावरचं सोनं संपत आलं की ज्याने लाकूड-अन्नावर चालणारी फौज आणि शेतं आधीपासून उभी केलीत तो मिनिटाला साठ क्लिकनेही जिंकतो. चाळिसाव्या मिनिटाचा निकाल पंधराव्या मिनिटाला लागलेला असतो. फक्त तो हरणाऱ्याला उशिरा कळतो.

आपल्याकडे हॉस्टेलांत आणि सायबर कॅफेंत लॅनवर खेळताना 'वीस मिनिटं हल्ला नाही' असा तोंडी करार सर्रास असायचा. डेफिनिटिव्ह एडिशनमध्ये तर तहाचा अधिकृत पर्यायच आहे. वरवर बघता वेगाला बाजूला सारून डावपेचांना वाव दिला, असं वाटतं. होतं उलटंच. हल्ल्याची भीती गेली की सैन्यावर खर्च करायचं की व्हिलेजरवर, ही पहिल्या मिनिटापासूनची तारांबळच संपते, सगळे तीच शेतं लावतात, आणि विसाव्या मिनिटाला ज्याचं टाउन सेंटर कमी रिकामं बसलं तो जिंकतो. सगळ्यांत यांत्रिक वेगाचा खेळ तो हाच.

कोरियात हा वाद मुळीच फावल्या वेळचा नव्हता. 'स्टारक्राफ्ट' हा याच जातीचा खेळ १९९८ चा. त्याच्या 'ब्रूड वॉर' या विस्तारात एका वेळी बाराच सैनिक निवडता येतात, इमारती एकेक करून निवडाव्या लागतात, आणि नवा कामगार खनिजाकडे आपणहून जात नाही, त्याला हाताने धाडावं लागतं. सैनिक तयार करणाऱ्या आठ बॅरॅक असतील तर आठ वेळा निवडा, आठ वेळा 'एम' दाबा. इंटरफेसच असा की हात हळू असणाऱ्याला डावपेच परवडतच नाहीत. आणि तरीही त्या खेळाचा सर्वांत चघळला जाणारा किस्सा वेगाचा नाही. नोव्हेंबर २००४ मध्ये एका मोठ्या स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत लिम यो-ह्वान, म्हणजे 'बॉक्सर', समोर होंग जिन-हो, म्हणजे 'यलो'. बॉक्सरने पहिल्याच डावात समोरच्याच्या दारात बंकर बांधला, १०० खनिजांचा, आत मरीन (बंदूकधारी सैनिक) भरले आणि डाव संपवला. दुसऱ्या डावात पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तोच माणूस तेच करणार नाही, असा अंदाज कोणीही बांधला असता. त्याने तेच केलं. सामना बघायला चिकन मागवलं आणि ते दारात येईस्तोवर सामना संपला होता, हा विनोद कोरियन चाहते अजून करतात. तो बंकर उभा करायला कामगार लवकर निघावा लागतो, मरीन वेळेत पोचावे लागतात, समोरच्याचे कामगार अंगावर आले की माघार, दुरुस्ती, पुन्हा पुढे. सगळं हाताचं काम. पण तिसऱ्या वेळी जिंकली ती छाती.

२०१० च्या 'स्टारक्राफ्ट २'ने हे हातकाम पुष्कळ कमी केलं: सगळ्या इमारती एकदम निवडा, कामगार आपणहून खाणीवर. मग कारागिरांनाच चुकल्यासारखं वाटलं असावं, कारण झर्ग या जमातीच्या राणीला साधारण दर अर्ध्या मिनिटाला अंडगृहात लार्व्हा (ज्यांतून पुढे सैनिक होतात) सोडायचं काम लावून दिलं. २०१५ च्या विस्तारात तर सुरुवातच सहाऐवजी बारा कामगारांनी केली आणि निवांत पहिली दोन मिनिटंही गेली. वेग आणि डावपेच यांचा भाव निसर्गाने ठरवलेला नाही, तो खेळ बनवणाऱ्यांनी ठरवलेला आहे, हे इथे उघड दिसतं.

जानेवारी २०१९ मध्ये डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीच्या अल्फास्टार या 'स्टारक्राफ्ट २' खेळणाऱ्या प्रोग्रामने तर प्रयोगशाळेतच चाचणी घेतल्यासारखं झालं. टीएलओ आणि माना या दोन व्यावसायिक खेळाडूंना त्या प्रोग्रामने प्रत्येकी ५-० असं हरवल्याचं दाखवलं गेलं. सरासरी एपीएम सांगितला गेला २८० च्या आसपास, मानाच्या ३९० पेक्षा कमी. म्हणजे बघा, डोक्याने जिंकला. पण ऐन लढाईत त्याचा आकडा हजारापार जायचा, आणि त्यातली एकही क्लिक वाया नाही. जखमी स्टॉकर (एक प्रकारचा सैनिक) नेमका मरायच्या आधी ब्लिंक करून, म्हणजे क्षणात उडी घेऊन, मागे, तीन बाजूंनी एकाच वेळी घेराव, तोही इमॉर्टल या जड यंत्रांविरुद्ध, ज्यांच्यापुढे स्टॉकर कागदावर हरतात. माणसाच्या हातून हे होत नाही. सरासरी हे आकड्याचं सोंग होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग प्रत्यक्ष प्रक्षेपणात माना आणखी एक डाव खेळला, माणसासारखा कॅमेरा फिरवावा लागणाऱ्या आवृत्तीविरुद्ध. त्याने वॉर्प प्रिझम या सैन्य वाहून नेणाऱ्या विमानात इमॉर्टल भरून मागच्या दाराने तळावर सोडले. अल्फास्टारची सारी फौज परत फिरली. प्रिझमने इमॉर्टल उचलले आणि गेलं. फौज पुढे निघाली, प्रिझम पुन्हा आलं. फौज पुन्हा माघारी. असं किती वेळा! फिनिक्स हे एक लढाऊ विमान घरी ठेवलं असतं तरी पुरलं असतं, पण ते त्याला सुचलं नाही. तेवढ्यात मानाने फौज बांधली आणि डाव घेतला. पुढच्या आवृत्तीवर पाच सेकंदांत २२ क्रिया अशी मर्यादा घातली गेली आणि ती त्या लगामासकट ग्रँडमास्टर या सर्वोच्च श्रेणीत पोचली. ती मला पहिल्या दहा विजयांपेक्षा मोठी गोष्ट वाटते.

हातावरचा भार मुद्दाम हलका करणारे खेळही आहेत. 'सुप्रीम कमांडर' (२००७) मध्ये माउसचं चाक फिरवलं की सबंध रणांगण एका पडद्यावर येतं, कारखाना एकदा पुनरावृत्तीवर लावला की तोच रणगाडा काढत राहतो. 'बियॉन्ड ऑल रीझन' हा फुकट खेळ त्याच घराण्यातला. तिथे माउसने रेघ ओढली की फौज त्या रेघेवर उभी राहते. 'कंपनी ऑफ हीरोज' (२००६) मध्ये समोरून मशीनगनवर धावणारी तुकडी कितीही झटपट क्लिक करा, जमिनीला खिळतेच. बाजूने जावं लागतं. 'वॉरक्राफ्ट ३'ने फौज ५० च्या वर गेली की खाणीतून येणारं सोनं दहाऐवजी सात केलं आणि ८० च्या वर चार. तिथे मोठी फौज ठेवणंच महाग, म्हणून मूठभर सैनिक जिवापाड जपण्याचं कसब आलं.

माझी आवड विचाराल तर पहिली अजूनही 'एज २', कारण तिथे दोन्ही प्रकारची माणसं एकमेकांना हरवू शकतात. वेग वाढवायचा असेल तर बोटांचे व्यायाम नकोत. हरलेल्या डावाचं रेकॉर्डिंग लावावं आणि समोरच्याचा हल्ला बघण्याऐवजी स्वतःचं टाउन सेंटर बघत बसावं. बहुतेक वेळा ते थांबलेलं असतं ते विसरल्यामुळे नव्हे, घर नसल्यामुळे. एका व्हिलेजरला घर बांधायलाही २५ सेकंदच लागतात आणि एका घरात पाच माणसं मावतात. म्हणजे १५ ची सोय असेल तर चौदावा झाल्यावर घराला माणूस पाठवणं उशिराचं. तो तिथवर चालत जाऊन घर पुरं करीपर्यंत पंधरावा जन्मलेला असतो. तेरा झाले की पाठवावा, आणि बॅरॅक उभी राहिल्यावर दोन घरांना दोन.