स्वेलडेल : किअर्टन बंधूंच्या कुरणांतून

स्वेलडेल ही उत्तर इंग्लंडमधली, यॉर्कशायरची दरी; पक्ष्यांचे फोटो काढण्यात अग्रेसर ठरलेले किअर्टन बंधू इथलेच. इथे यायचं तर लंडन–एडिनबरा रेल्वेमार्गावर डार्लिंग्टनला उतरायचं, तिथून बसने रिचमंड गाठायचं आणि रिचमंडहून दरीत वर जाणारी छोटी बस पकडायची. रीथ, गनरसाइड, म्यूकर आणि मग थ्वेट. दिवसात मोजक्याच फेऱ्या असतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवा. वरच्या भागात मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी नकाशासंस्थेचा ओएल ३० हा कागदी नकाशा जवळ असू द्या.

थ्वेट म्हणजे ओढ्याकाठी दगडी घरांचा पुंजका. रिचर्ड किअर्टन (जन्म १८६२) आणि चेरी किअर्टन (जन्म १८७१) हे भाऊ इथल्याच मेंढपाळ घरातले. त्यांच्या घराच्या दारावरच्या दगडात पशुपक्षी कोरलेले आहेत. म्यूकरच्या जुन्या शाळेवर दोघांच्या नावाच्या पाट्या दिसतात. रिचर्ड लहानपणी पडला आणि जन्मभर लंगडत चालला. पुढे ग्राउस या माळावरच्या, कोंबडीसारख्या पक्ष्याची हुबेहूब हाक काढताना लंडनच्या कॅसेल प्रकाशनसंस्थेतल्या एकाने त्याला ऐकलं आणि तिथे नोकरी दिली. मागोमाग चेरीही लंडनला गेला.

१० एप्रिल १८९२ रोजी लंडनच्या उत्तरेला एनफील्डजवळ चेरीने साँग थ्रश या छोट्या गाणाऱ्या पक्ष्याच्या घरट्याचा, अंड्यांसकट, फोटो काढला. त्यातूनच १८९५ साली ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ हे पुस्तक आलं; मजकूर रिचर्डचा, फोटो चेरीचे. निसर्गातल्या घरट्यांचे प्रत्यक्ष फोटो पानोपानी छापणं तेव्हा अगदी नवं होतं.

पण त्यांचं खरं मोठेपण मला त्यांच्या लपणांत, म्हणजे पक्ष्यांना न दिसता फोटो काढायच्या आडोशांत, दिसतं, आणि ते समजायला थ्वेट–म्यूकर पायवाटेवर यावं. अंतर दीड-दोन किलोमीटर, मध्ये दगडी भिंतींचे चौकोन आणि गवत साठवायची कोठारं. मे महिन्यात चरणाऱ्या मेंढ्यांच्या जवळून टिटव्या बिनधास्त फिरतात. माणूस भिंतीपलीकडे उभा राहिला तरी मात्र ओरडत उठतात. गुरांना न भिणारे पक्षी माणसाला भितात, हे मेंढपाळाच्या पोरांना शिकवावं लागत नाही. म्हणून त्यांनी बैलाचं कातडं हलक्या सांगाड्यावर ताणून पोकळ बैल केला. माणूस आणि कॅमेरा आत, भिंग कातड्यातल्या भोकातून बाहेर. मेंढी, झाडाचा बुंधा आणि खडक अशी आणखी लपणंही त्यांनी बनवली.

काम सोपं नव्हतं. काचेची प्लेट एका वेळी एकच फोटो देते. फोकस आधीच घरट्यावर लावून ठेवायचा, अंधाऱ्या पेटीतली प्लेट बसवायची, झाकण सरकवायचं आणि पक्षी स्थिर होईपर्यंत थांबायचं. प्लेटा मंद असल्याने पक्ष्याने मान वळवली तरी फोटो हलायचा. शटरचा आवाज झाला की पक्षी उडायचा, आणि पुढची प्लेट बदलेपर्यंत बैलाने हलायचं नाही. आत ताठ उभं राहणं अशक्य, हवा कोंडलेली. एकदा आतल्या माणसाला भोवळ आली आणि बैल चारी पाय वर करून उताणा पडला. त्या अवस्थेचाही फोटो आहे! उंच घरट्यांसाठी एक भाऊ दुसऱ्याच्या खांद्यावर चढायचा. कड्यांवर दोर लावून उतरायचे. १८९६ मध्ये ते स्कॉटलंडच्या पश्चिमेला दूर समुद्रातल्या सेंट किल्डा बेटावर गेले, तिथे तर मुख्यतः समुद्रपक्ष्यांवर जगणारी माणसं होती.

चेरी पुढे चलचित्रांकडे वळला, आफ्रिकेत गेला. रिचर्ड व्याख्यानं देत, लिहीत राहिला. तो १९२८ मध्ये वारला, चेरी १९४० मध्ये. दोघांत चेरीचं नाव अधिक गाजलं, पण माझ्या मते रिचर्डच्या निरीक्षणाशिवाय ही लपणं सुचलीच नसती.

यायचं तर मे-जूनमध्ये या. कर्ल्यू (लांब, वाकड्या चोचीचा पक्षी) आणि टिटव्या तेव्हा असतात, आणि म्यूकरची फुललेली कुरणं जूनमध्ये बहरात असतात. जुलैत गवत कापायला सुरुवात होते. कुरणातून फरसबंद वाटेवरूनच, एकामागे एक चालायचं, कारण तुडवलेलं गवत कापता येत नाही. फोटो वाटेवरूनच काढा, ४०० मिलिमीटरची लेन्स पुरते. कॅमेरा टेकवायला भिंतीचा आधार घेऊ नका: ती चुना-सिमेंटाशिवाय नुसत्या दगडांवर दगड रचून उभी असते, वरचा दगड सरकला की पुढचेही घसरतात.