पद्मिनीचा बंपर आणि माझा शहाणपणा
बाबांची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्यात बनलेली, पूर्ण पावसाळा कव्हरखाली होती, काढून बघतो तर बंपरवर गंजाचं बारीक पुरळ. मी शहाण्याने एका कोपऱ्यात पॉलिश पेपर मारला, आणि क्रोम गेलं ना राव! तो थर इतका पातळ असतो की खालचं निकेलच उघडं पडलं, आणि खरी चकाकी म्हणे त्याचीच असते. मग बाकी बंपरवर ॲल्युमिनियम फॉइलचा चुरगाळलेला बोळा पाण्यात बुडवून हलक्या हाताने घासत बसलो, काळा चिखल निघत गेला आणि गंज चक्क सुटला. खड्डे आहेत तसेच, ते री-क्रोमिंगशिवाय जायचे नाहीत. वरून वॅक्स मारलंय. बाबा फक्त त्या कोपऱ्याकडेच बघतात, बोलत काही नाहीत.