हयातीचे दाखले मिळता मिळेनात

काका गेल्यावर मृत्युपत्र निघालं. राजापूर तालुक्यातली हापूसची बाग एकट्या चुलतभावाच्या नावे. मृत्युपत्र रजिस्टर करायची सक्ती नाही, तसं ते केलेलंही नव्हतं. सगळं येऊन अडलं खालच्या सहीवर: ती काकांची नाही, असं आमचं म्हणणं. दावा, अर्ज, हस्ताक्षरतज्ज्ञासाठी कोर्टाची परवानगी हे वकिलांनी निस्तरलं.

माणूस हयात असेल तर कोर्ट समोर बसवून नमुन्याच्या सह्या घेऊ शकतं. गेलेल्याच्या जुन्या सह्याच हुडकाव्या लागतात, त्याही वादातल्या कागदाच्या आगेमागे केलेल्या. 1988 च्या खरेदीखतावरची काकांची ठसठशीत सही तज्ज्ञांनी बाजूला सारली. शेवटच्या वर्षांत काकांचा हात कापायचा, तिथली सही हवी.

काका निवृत्त शिक्षक. दर नोव्हेंबरात बँकेत हयातीच्या दाखल्यावर सही करायचे, तारखेसकट, अधिकाऱ्यासमोर. घबाडच म्हणायचं! पण ते बँकेतून बाहेर येईल तर ना. आधी ‘मॅनेजर ट्रेनिंगला गेलेत’. मग ‘कोर्टाचं पत्र आणा’. पत्र नेलं, तर ‘जुनं रेकॉर्ड आहे, वेळ लागेल’. त्यानंतर कोर्टात काय पोचलं, तर झेरॉक्स! वर ‘खरी प्रत’ असा गोल शिक्का. झेरॉक्सवर पेनाचा दाब दिसत नाही, पेन कुठे उचललं तेही धड कळत नाही. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "शिक्का मारलाय ना, अजून काय पाहिजे?" मी काय बोललो ते इथे लिहीत नाही. वकिलांना सांगून दुसरं समन्स काढलं: खाते क्रमांक, वर्षं आणि ‘मूळ कागद घेऊन हजर राहावे’ असं स्पष्ट. तुम्ही पहिल्याच अर्जात हे लिहून घ्या. तरी शोधाशोध चालूच. शेवटी एका जुन्या शिपायाने जिन्याखालचा गठ्ठा ओढून काढला. वाळवीने कडा खाल्लेल्या, सह्या मात्र शाबूत.

पुढे तज्ज्ञांनी कोर्टातच मूळ कागदांचे मोठे फोटो घेतले. काका आडनावावरची रेघ एका झटक्यात ओढायचे. हात कापला तरी ती सलग. मृत्युपत्रावर तीच रेघ मध्ये थांबलेली, थांबल्या जागी शाईचा ठिपका, आणि पुन्हा सुरू. अहवाल आमच्या बाजूने आला. पण तज्ज्ञांचं ते मतच. साक्षीदारांची तपासणी व्हायचीच आहे.

हो, पावसाळ्यात कागद ओलावतात म्हणून कुणी लॅमिनेशन करतात. मुळीच करू नका, तपासणीची वाट लागते. आणि तज्ज्ञांची फी ठरवतानाच साक्षीला यायचा खर्च लिहून घ्या. आमचे पुण्याहून निघाले, अणुस्कुरा घाटात दरड आली, तारीख पुढे गेली आणि गाडीभाडं आमच्या माथी बसलं.