वरसईच्या भटजींची उधारी

दुपारी एक ते चार पेणमध्ये कुणी आजारी पडत नाही. पडत असतील, पण मेडिकलपर्यंत येत नाहीत. हे जेवून वर झोपायला जातात आणि काउंटरला मी. या तीन तासांत माझं वाचन होतं. खुणेला गोळ्यांची रिकामी स्ट्रिप. मागे वाचनालयात परत केलेल्या पुस्तकातून अ‍ॅसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप निघाली तेव्हा तिथल्या ताई म्हणाल्या, "एवढं जड होतं का पुस्तक?"

या पावसाळ्यापासून चार पुस्तकं झाली. म्हणजे तीन झाली, एक अर्धवट.

सगळ्यात आधी गोडसे भटजींचा 'माझा प्रवास', कारण हे भटजी आमच्या तालुक्यातल्या वरसईचे. सत्तावनचं बंड मी शाळेत पाच मार्कांपुरतं शिकले होते. हा माणूस त्याच साली उत्तरेत गेला, तो काही लढायला नाही, दक्षिणा मिळवायला! घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, लाखांनी खर्च होणार, अशी बातमी आली आणि विष्णुभट आपल्या काकांबरोबर निघाले. घरच्यांना काळजी कसली? तर तिकडचे लोक भांग पितात आणि बायका मायावी असतात. आमचा मुलगा पुण्याला नोकरीला निघाला तेव्हा सासूबाईंनी जवळजवळ हेच सांगितलं होतं, फक्त भांगेच्या जागी बिअर.

भाषा जुनी आहे. पहिली वीस पानं मी अडखळत वाचली, मग कान सरावला. भटजी नेमके झाशीच्या वेढ्यात आत अडकतात. राणीला त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तरी माझ्या डोक्यात राणीपेक्षा लूटच जास्त बसली. शहर पडल्यावर आधी सोनंनाणं गेलं, मग तांब्यापितळेची भांडी, मग कपडे, मग धान्य. पाळीपाळीने, माल ठरवून. मार्चअखेर आम्ही एकेक फळी रिकामी करत स्टॉक मोजतो ना, अगदी तसं. हा माणूस लपून बसलाय, बाहेर माणसं मारली जातायत, आणि तरी कुठल्या दिवशी काय गेलं याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू आहे. पुस्तक बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलेलं, छापलं गेलं १९०७ साली, पण तो हिशेब चुकलेला वाटत नाही. दुकानात बसणाऱ्याला हे पटेल. घाबरलं की आपण मोजत सुटतो.

पुढे काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटते. तहानलेली. भटजी पाणी काढायला पुढे होतात, तर ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, मीच काढते. आणि स्वतः काढून ओंजळीने पिते. राज्य गेलं, पण रीत काही सुटली नाही. याला चांगलं म्हणायचं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

मिळवलेलं बहुतेक वाटेत लुटलं गेलं. तरी गडी घरी आला तो खांद्यावर गंगेची कावड घेऊन, आणि आईवडिलांना गंगेच्या पाण्याने न्हाऊ घातलं. आम्ही काशीहून सहा सीलबंद गडू आणले होते, एसी डब्यातून. त्यातला एक रेल्वेतच गळला आणि त्यावरून आमचं इगतपुरीपर्यंत भांडण चाललं होतं.

वरसईचे एक काका दर महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येतात. गाव बाळगंगा धरणाच्या बुडितात, त्यामुळे काकांचं बोलणं कुठूनही सुरू झालं तरी मोबदल्यावर येऊन थांबतं. मी मोठ्या उत्साहाने त्यांना पुस्तक दाखवलं. "काका, तुमच्या गावचे भटजी, झाशीच्या राणीला भेटलेले!" काकांनी चष्मा काढला, पानं चाळली आणि विचारलं, "यात गावच्या जमिनीचं काही लिहिलंय का? कागद म्हणून चालेल का हे?" मला हसू आवरेना, पण ते गंभीर होते. पुस्तक घेऊनच गेले. वाचनालयाचं पुस्तक, नाही कसं म्हणणार? उधारीच्या वहीत त्यांच्या नावापुढे लिहून ठेवलं: माझा प्रवास, एक नग.

दुसरं 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांचं, चार भागांत आलेलं, १९३४ ते ३७. यातले धडे शाळेत होते म्हणून मला वाटायचं, पुस्तक वाचून झालंय. अजिबात नाही! सुरुवातीलाच त्यांचे वडील येतात. सोवळ्याचं एवढं वेड की घरात आलेलं मीठसुद्धा धुऊन घ्यायचं. मी खो खो हसले. मग आठवलं की २०२० साली याच काउंटरवर मी नोटांवर सॅनिटायझर फवारून त्या दोरीवर वाळत घालत होते. दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्या, कोथिंबीरसुद्धा. मग हसणं थांबलं.

आणि त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक! शाळेत 'फुलामुलांचे कवी' म्हणून किती गोड वाटायचे. पण नवरा म्हणून? देवा! हातात आलेलं देऊन टाकायचं, मनात आलं की निघून जायचं, आणि १८९५ मध्ये तर सरळ बाप्तिस्मा घेऊन मोकळे. बाई पाचेक वर्षं वेगळ्या राहिल्या, मग त्यांच्याकडे गेल्या, आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या गतीने, स्वतःचं स्वतः पटल्यावर. मीठ धुणाऱ्या बापाची ही मुलगी. एवढं सोसून पानापानावर विनोद, आणि तोही कुणावर राग न काढता. मी असते तर निम्मं पुस्तक नुसत्या तक्रारींचं झालं असतं. यांना दोन-तीन प्रसंग वाचून दाखवले. चहा ओतता ओतता म्हणाले, "म्हणजे मी बरा ना?"

तिसरं औषध कंपनीच्या एका एमआरने डायरी आणि पेनबरोबर भेट दिलेलं, पहाटे पाचला उठून यशस्वी कसं व्हायचं ते सांगणारं. आमच्याकडे पहाटे पाचला पाणी येतं, त्यामुळे मी आधीच उठलेली असते. यश कुठल्या नळाला येतं ते पुस्तकात नाही.

अर्धवट राहिलं ते 'कोसला', भालचंद्र नेमाड्यांची कादंबरी. तिसऱ्यांदा हातात घेतलं. नेमाड्यांचा भक्तवर्ग मोठा आहे, मला ठाऊक आहे. पण पांडुरंग सांगवीकराच्या होस्टेलची आणि मेसची पानं वाचताना मला माझ्या मुलाचे फोन आठवले. तेच रडगाणं, फक्त हे छापलेलं. चिकाटीने पुढे गेले. मग मनी येते, त्याची धाकटी बहीण, आणि देवीने जाते.

माझ्या डाव्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे. माझ्या मुलाच्या दंडावर तो नाही, कारण १९८० साली देवीचा रोग जगातून गेल्याचं जाहीर झालं. तीस वर्षं औषधं विकतेय, पण ही लस मी कधी हातात धरली नाही. त्या दुपारी एक मुलगी ओआरएस मागायला आली आणि मी तिला ग्लुकोजचा डबा दिला. तिनेच परत आणून सांगितलं, "काकू, हे नाही."

त्यानंतर 'कोसला' उघडलं नाही. स्ट्रिप तिथेच आहे. पुढचं कॉलेज, नापास होणं, गावी परतणं हे मला ऐकून माहीत आहे, पण मनीनंतर पांडुरंगाचं काय झालं यात माझा जीवच अडकेना. समीक्षक याला काय म्हणतील ते म्हणोत.

काल वाचनालयाच्या ताईंचा फोन आला. 'माझा प्रवास'ची मुदत उलटून गेलीय, दंड चढतोय. म्हटलं, पुस्तक आपल्या गावी गेलंय. काकांच्या गोळ्या पंचवीस तारखेला संपतात, तेव्हा येतीलच.