थोरंग ला: चढ जमला, उतार राहिला

नेपाळमधला अन्नपूर्णा सर्किट ट्रेक, नववा दिवस. थोरंग फेदी (सुमारे ४४५० मी.) ते मुक्तिनाथ, मध्ये ५४१६ मीटरची खिंड. पहाटे चारला निघालो, दुपारी चारला टेकलो. आजवरच्या ट्रेकमधला माझा सर्वांत कठीण दिवस हाच.

रात्री झोप अशी लागलीच नाही. डोळा लागला की श्वास अडायचा आणि दचकून जाग यायची. या उंचीवर बहुतेकांचं असं होतं, हे वाटेतल्या मनांग गावच्या क्लिनिकमधल्या व्याख्यानात ऐकलं होतं म्हणून घाबरलो नाही. ते व्याख्यान चुकवू नका. तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची जागा एका रात्रीत पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही, हा नियम आम्ही तिथूनच मनावर घेतला आणि मनांगला एक मुक्काम वाढवला. आमच्यातल्या धाकट्याचं डोकं तिथे दुखत होतं, ते त्या एका दिवसात थांबलं.

फेदी ते हाय कॅम्प हा खडा चढ. हेडटॉर्चच्या उजेडात पुढच्याचे बूट तेवढे दिसतात. आमचे गाईड दाई (नेपाळीत थोरला भाऊ) सारखे म्हणत होते, "बिस्तारै, बिस्तारै", म्हणजे हळूहळू. सह्याद्रीत आपण दम लागेपर्यंत चढतो आणि मग बसतो. इथे दम लागूच द्यायचा नाही. एक पाऊल, मागचा गुडघा सरळ करून क्षणभर हाडांवर भार, दोन श्वास, पुढचं पाऊल. खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो, त्यामुळे घाई केली की ती भरून काढायला पाच मिनिटं उभं राहावं लागतं. मी दोनदा केली, दोन्ही वेळा डोळ्यांपुढे अंधारी आली.

हाय कॅम्पच्या वर पाण्याची नळी गोठली. प्रत्येक घोटानंतर फुंकर मारून नळीतलं पाणी मागे ढकलायचं, हे मला माहीत होतं आणि तरी विसरलो. जॅकेटच्या आत ठेवलेली बाटली कामी आली. राजगिऱ्याची चिक्की दगडासारखी झाली होती. खजूर मात्र खाता आले.

मग त्या फसव्या टेकाडांची रांग. हीच खिंड असं वाटावं, वर जावं, तर पुढे आणखी एक. तिसऱ्यानंतर मी वर बघणं सोडलं आणि शंभर पावलं मोजत राहिलो. साडेनवाला रंगीत पताका दिसल्या. मला रडू आलं, आणि ते मी थांबवलं नाही.

वर वीस मिनिटंच थांबलो. उशिरा वारा पिसाळतो. शिवाय १४ ऑक्टोबर २०१४ च्या हिमवादळात याच परिसरात चाळीसहून अधिक माणसं गेली, ते तिथे उभं असताना आठवल्याशिवाय राहत नाही.

खरा दिवस इथून पुढे सुरू झाला. मुक्तिनाथपर्यंत सोळाशेहून अधिक मीटर उतार, म्हणजे समुद्रसपाटीपासून कळसूबाईच्या माथ्याएवढी उंची एका दमात खाली. वाट घसाऱ्याची, वर पातळ बर्फ. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच वजन पेलतो, आणि त्याची मी तयारीच केली नव्हती. सहा महिने दर रविवारी आतकरवाडीतून सिंहगड चढलो, वेळ पन्नास मिनिटांवर आणली, आणि बहुतेकदा जीपने खाली आलो. ती चूक इथे तासातासाला जाणवली. दुसऱ्या तासाला गुडघे बोलू लागले, तिसऱ्याला पाय थरथरायला लागले. समोर धवलगिरी लखलखत होता आणि माझी नजर पायाखालच्या दगडांवरून हलत नव्हती, ही खंत राहील. काठ्या लांब करून, आडवं, छोट्या पावलांनी उतरलो. दाईंनी न बोलता माझी सॅक घेतली.

पुढच्या चार महिन्यांचा बेत आजच लिहून ठेवतो. जीप बंद. आठवड्यातून एकदा आठ किलो वजन घेऊन पूर्ण उतार, घाई न करता. इमारतीचे जिनेही उतरण्यासाठीच मोजायचे. महिन्यातून एकदा राजगड किंवा तोरणा, सलग.

दहावा दिवस, सकाळ. मुक्तिनाथच्या १०८ धारांच्या दर्शनाला गेलो. मंदिराच्या पायऱ्या चढताना काहीच वाटलं नाही. परतताना काठी टेकत, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत खाली आलो.