उतारानेच परीक्षा घेतली

आज 30 किलोमीटरची डोंगरवाटेवरची शर्यत पूर्ण केली. चढाची धास्ती मी महिनाभर बाळगली होती. प्रत्यक्षात तिथे बहुतेक सगळेच चालत होते, आणि तीव्र चढावर धावण्यापेक्षा हात मांड्यांवर टेकवून भराभर चालणेच परवडते, हे पहिल्याच तासात पटले. खरी परीक्षा घेतली ती उताराने. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच शरीराचा वेग रोखत असतात, त्यामुळे त्यांच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि ते दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अधिक जाणवते. म्हणजे माझे भोग अजून पुढेच आहेत. सुट्या खडीवर मी दोनदा घसरलो, कारण नजर पायांपाशीच खिळली होती. ती चार-पाच पावले पुढे ठेवल्यावर पाय आपोआप जागा शोधू लागले. विसाव्या किलोमीटरनंतर मात्र अंगातले बळच सरले. पाणी पीत राहिलो आणि खायचे विसरलो, ही चूक सर्वस्वी माझी. मुदत संपायला 11 मिनिटे उरली असताना शेवटची रेषा ओलांडली. आता जिना उतरायचा कसा, एवढाच प्रश्न समोर आहे.