मांजरावरच्या पिसवा आणि पावसाळ्यातले घर

मांजराच्या अंगावर एक पिसू दिसली, तर बाकीच्या पिसवा घरात आहेत असेच धरून चालावे. प्रौढ पिसवा अंगावर राहतात खऱ्या. पण त्यांची गुळगुळीत अंडी केसांतून घरंगळतात आणि मांजर जिथे बसते-निजते तिथे पडतात. एक मादी दिवसाला ४०च्या आसपास अंडी घालू शकते. अंड्यांतून निघालेल्या अळ्या उजेड टाळून फटींत शिरतात, पिसवांच्या विष्ठेतल्या वाळलेल्या रक्तावर वाढतात आणि नंतर कोषात जातात. त्यांना उबदार, दमट हवा लागते, आणि आमच्या फोंड्याकडे मिरगापासून पुढे ती भरपूर असते.

कोष हे या सगळ्या दुखण्याचे मूळ आहे. चिकट कोषाला धूळ लागून तो दिसेनासा होतो, त्याच्या आत कीटकनाशक सहसा पोहोचत नाही आणि आतली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते. पावलांची थरथर, शरीराची ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर येते. ज्या बंद घरात भटकी मांजरे निजून गेलेली असतात, ते चवथीला उघडल्याबरोबर माणसांच्या घोट्यांना पिसवा चावू लागतात, त्यामागे हेच कारण असते. म्हणूनच एकदा फवारणी करून काम संपत नाही.

आमच्या मनीची तपासणी मी बारीक दातांच्या फणीने करते. मानेमागून आणि शेपटीच्या मुळाशी फणी फिरवून निघालेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाकावेत. भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, नुसती माती असेल तर तसा रंग सुटत नाही. फणीत सापडलेली पिसू साबणाच्या पाण्यात बुडवावी. नखांनी चिरडू नये.

औषधाच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे: कुत्र्याचे औषध मांजराला कधीही लावू नये. कुत्र्यांच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असते. मांजराचे यकृत ते नीट निकामी करू शकत नाही, त्यामुळे अंग थरथरते, झटके येतात आणि जीवही जातो. घरात कुत्रा असेल आणि त्याला असे औषध लावले असेल, तर दोघांना वेगळे ठेवावे. डांबराच्या गोळ्या, कापूर, टी ट्री तेल हेही मांजराला विषारी आहे, कारण जे अंगाला लागते ते चाटून पोटात जाते. फिप्रोनिल किंवा सेलामेक्टिन असलेले मांजरांसाठीचेच औषध, जनावरांच्या डॉक्टरांनी वजन पाहून सांगितलेल्या मात्रेत, मानेमागे केस बाजूला करून थेट कातडीवर घालावे. तिथे तिची जीभ पोहोचत नाही. अगदी लहान पिल्लांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही लावू नये, पण त्यांच्याकडे दुर्लक्षही करू नये, कारण पिसवांनी रक्त शोषल्यामुळे पिल्ले पांढुरकी पडून दगावतात.

घरातली सगळी मांजरे-कुत्री एकाच वेळी औषधाखाली आणावी लागतात. त्यांची अंथरुणे कडक गरम पाण्यात धुवावीत. पावसात वाळायला वेळ लागतो, म्हणून मी जाड गोधडीऐवजी जुन्या सुती साड्यांच्या घड्या घालते. सोफ्याच्या खाचा, पलंगाखालची जागा, बल्कांवातल्या (घरापुढच्या बसायच्या ओसरीतल्या) बाकाच्या फटी व्हॅक्यूम क्लीनरने साफ कराव्यात आणि साठलेली घाण लगेच पिशवीत बांधून घराबाहेर टाकावी. त्या थरथरीने कोषातल्या पिसवाही बाहेर येतात, आणि पुढे मांजरावर चढल्या तर तिथल्या औषधाने मरतात. औषध लावल्यावरही काही आठवडे नव्या पिसवा दिसतात, तेव्हा धीर सोडू नये. दरमहा लावायचे औषध निदान तीन महिने तरी न चुकता चालू ठेवावे.

चाटताना मांजराच्या पोटात गेलेल्या पिसवेतून पट्टकृमी हा आतड्यातला जंतही होतो. शेपटीखाली किंवा अंथरुणावर तांदळाच्या दाण्यांसारखे तुकडे दिसले, तर डॉक्टरांकडून जंताचे औषधही त्याच वेळी घ्यावे.